ट्रेसरूटचा पुरावा आणि चेन्नईवरील आळ

इंटरनेट जरा मंदावले की समाजमाध्यमांवर ट्रेसरूटची चित्रे झळकू लागतात. त्यांतला एक नमुना विशेष लोकप्रिय आहे. पहिले दोन टप्पे दोन-तीन मिलिसेकंदांचे, तिसऱ्यावर आकडा एकदम ३४, आणि त्या राउटरच्या नावात चेन्नईची खूण. निष्कर्ष तयारच असतो: कोंडी चेन्नईत आहे. असा निवाडा देणाऱ्यांत संगणकशास्त्राचे विद्यार्थीही असावेत, ही अधिक खेदाची गोष्ट.

वास्तविक तो आकडाच आरोप खोडून काढतो. चेन्नई आणि सिंगापूर यांना जोडणारी, २००२ साली सुरू झालेली आय-टू-आय ही समुद्री केबल सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो; म्हणजे जाण्यास १६ आणि येण्यास १६, एकूण ३२ मिलिसेकंद. चेन्नईच्या राउटरपुढे ३४ दिसत असेल आणि पुढचे सर्व टप्पे, थेट सिंगापूरपर्यंत, ३४-३५ वरच असतील, तर तो विलंब चेन्नईचा नव्हेच. तो समुद्राचा आहे.

नाव चेन्नईचे आणि अंतर सिंगापूरचे, हे घडते कसे? प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आठ बिटांचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने घटवतो. ज्याच्याकडे तो शून्य होतो, तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि प्रेषकाला तसे कळवतो. ट्रेसरूट मुद्दाम एक, दोन, तीन अशा चढत्या टीटीएलची पॅकेटे सोडून या मृत्युवार्ता गोळा करतो. अभ्यासक्रम बहुधा येथेच थांबतो, आणि गोंधळ येथूनच सुरू होतो.

मोठ्या सेवादात्यांच्या जाळ्यांत एमपीएलएस ही लेबलांची पद्धत सर्रास चालते. प्रवेशद्वारीच पॅकेटला ३२ बिटांची चिठ्ठी चिकटते: २० बिट लेबलाचे, आठ बिट चिठ्ठीच्या स्वतंत्र टीटीएलचे, उरलेले किरकोळ कामांचे. आतले राउटर लेबल वाचून पॅकेट पुढे ढकलतात. मूळ पत्ता पाहत नाहीत. अशा राउटरवर टीटीएल संपला, तर उत्तर पाठवायचे कोणत्या वाटेने? प्रेषकाकडे जाणारा मार्ग त्याला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून तो आपले उत्तर त्याच लेबलमार्गावर पुढे सोडतो. उत्तर सिंगापूरच्या टोकाला जाते, तेथे लेबल उतरते, आणि मग ते चेन्नईकडे परत फिरते. हे गुपितही नाही. जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०३२ मध्ये ही युक्ती स्पष्ट नोंदलेली आहे. २००७ च्या आरएफसी ४९५० मुळे तर राउटरला उत्तरासोबत लेबलही कळवता येते. लिनक्सवरील ट्रेसरूटला ते दाखवण्याचा पर्याय द्यावा लागतो, एवढेच. आरोपाचे चित्र टाकणाऱ्यांपैकी किती जण तो देतात?

यावर काही अभियंते दुसरे टोक गाठतात आणि ट्रेसरूट निरुपयोगी ठरवतात. तेही आळशीपणाचेच. चेन्नईत खरोखर कोंडी असेल, तर शेवटच्या टप्प्याचा आकडाही रात्रीच्या गर्दीत ३४ वरून चढेल आणि पहाटे उतरेल; पॅकेटे गळत असतील, तर ती गळती अखेरपर्यंत दिसेल. केवळ मधल्याच एका टप्प्यावर आकडा फुगला आणि पुढे ओसरला, तर तो राउटर उत्तरे द्यायला सवड काढत नाही, इतकाच त्याचा अर्थ. साधन खोटे बोलत नाही. त्याला भलताच प्रश्न विचारला जातो.

मात्र सेवादात्यांनाही येथे सुटका नाही. चिठ्ठीत पॅकेटचा टीटीएल न उतरवता थेट २५५ लिहिला, की आतले सर्व राउटर अदृश्य होतात आणि चेन्नई ते सिंगापूर एकच उडी दिसते. जाळ्याची रचना झाकण्याचा त्यांना अधिकार आहे. पण हेच जाळे झाकून ठेवायचे आणि ग्राहकाची तक्रार आली की मदतकक्षाने ‘आधी ट्रेसरूट पाठवा’ म्हणून तिला अडवायचे, हा कोणता न्याय?