नाकारलेले गिऱ्हाईक यजमान होते तेव्हा…

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहराला लागून वेस्ट ब्रॉमविच नावाचे गाव आहे. तेथील फुटबॉल संघाचे मैदान 'हॉथॉर्न्स' या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या दिवशी तेथे सामना असतो, त्या दिवशी मैदानाच्या आसपासच्या पबमध्ये दुपारपासूनच पाय ठेवायला जागा उरत नाही. संघाचे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेले गोरे आजोबा आणि त्यांचे मुलगे एका टेबलाभोवती बसलेले असतात. शेजारच्या टेबलावर पगडी बांधलेले वृद्ध शीख सद्गृहस्थ तोच सामना, त्याच तळमळीने चर्चेला घेतात. आतल्या बाजूने तंदुरीचा खमंग दरवळ येतो. लोखंडी तव्यावर चरचरणारा कांदा, त्यावर सीख कबाब आणि कोंबडीचे तुकडे, असा 'मिक्स्ड ग्रिल' घेऊन पोऱ्या गर्दीतून वाट काढतो. गल्ल्यामागे उभा असलेला मालक बहुधा पंजाबी, क्वचित गुजराती. नेहमीच्या गिऱ्हाइकाला काय हवे, हे त्याला विचारावे लागत नाही. उलट "गुडघा कसा आहे? गेल्या आठवड्यात दिसला नाहीत?" अशी चौकशी तोच करतो.

अशा पबना तिकडे आता 'देसी पब' असे रुळलेले नाव आहे. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा हा कारखान्यांचा पट्टा 'ब्लॅक कंट्री' म्हणून ओळखला जातो. देसी पब हे त्या पट्ट्याचे आज एक भूषणच मानले जाते. वेस्ट ब्रॉमविचमधील एका पबच्या खिडकीत तर रंगीत काचांतून भारतीय स्थलांतरितांची कथा चितारलेली आहे. एरवी चर्चच्या खिडक्यांत जी कला पाहावयाची, ती पबच्या खिडकीत, आणि विषय म्हणून परदेशातून आलेला मजूर!

पबचे नाव काढताच अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्या रास्तच आहेत. आपल्या राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने मद्यबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. मद्यपानाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्याकडे आहेत, तशी ब्रिटनमधील पंजाबी समाजातही आहेत. तेव्हा पेल्याची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. पण या पबच्या दारात गेल्या साठ वर्षांत जे घडले, ते पेल्यापेक्षा फार मोठे आहे. सार्वजनिक म्हणवणाऱ्या जागेत शिरलेल्या माणसाला तेथे कसे वागवले जाते, हा तो प्रश्न आहे. आणि तो मद्य न पिणाऱ्यालाही टाळता येत नाही.

'पब' हे 'पब्लिक हाऊस' या शब्दाचे लघुरूप, म्हणजे सर्वांचे घर. इंग्रज मनुष्य आपल्या वस्तीतील पबला नुसते 'माझे लोकल' म्हणतो, आणि त्या एका शब्दात त्याची आपुलकी दिसते. आपल्या बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ साली 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या लंडनच्या दैनिकात आपल्या मनातील आदर्श पबचे वर्णन केले होते. गंमत म्हणजे, मद्याच्या प्रतीपेक्षा त्याने भर दिला तो तेथल्या वातावरणावर. गप्पा मारण्याइतकी शांतता असावी, मुलाबाळांनाही यावेसे वाटावे, वाढणाऱ्या बायकांना गिऱ्हाइकाची नावे ठाऊक असावीत, अशा त्याच्या अपेक्षा होत्या. लेखाच्या शेवटी त्याने कबूल करून टाकले की असा पब अस्तित्वातच नाही.

ऑर्वेलच्या कल्पनेतले हे 'सर्वांचे घर' प्रत्यक्षात किती संकुचित होते, याचा अनुभव पुढच्या दोन दशकांत भारतीयांनी घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजूर हवे होते. पंजाबातून, विशेषतः दोआबातून, हजारो तरुण तिकडे गेले. वेस्ट ब्रॉमविचच्या शेजारचे स्मेथविक हे लोखंड ओतण्याच्या कारखान्यांचे गाव. तेथील भट्ट्यांसमोर उभे राहण्याचे, सर्वांत तापदायक आणि सर्वांत कमी मानाचे काम या तरुणांच्या वाट्याला आले. पाळी संपली की गोरा कामगार पबकडे वळे. त्याच्या बरोबरीने घाम गाळलेला भारतीयही वळे. पण दारातच दोघांच्या वाटा वेगळ्या होत. काही पब भारतीयाला सरळ बाहेरचा रस्ता दाखवीत. काही ठिकाणी त्याला साध्या, सामान्य दालनात प्रवेश असे. पण बैठकीच्या चांगल्या खोलीत तो गेला की "येथे मिळणार नाही" हे ठरलेले उत्तर. पैसा तोच, राणीचा मुखवटाही त्यावर तोच. फरक होता तो पैसे पुढे करणाऱ्या हाताच्या रंगाचा. या पद्धतीला तेव्हा उघडपणे 'कलर बार', म्हणजे रंगबंदी, म्हटले जाई.

१९६४ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीत स्मेथविकचे नाव जगभर गाजले. मजूर पक्षाने ती निवडणूक देशभर जिंकली, पण त्याच पक्षाचे परराष्ट्र धोरणाचे प्रवक्ते पॅट्रिक गॉर्डन वॉकर यांचा स्मेथविकमध्ये पराभव झाला. प्रतिस्पर्धी पीटर ग्रिफिथ्स यांच्या विजयामागे स्थलांतरितांविरुद्धचा विखारी प्रचार होता. मार्शल स्ट्रीट या रस्त्यावरील रिकामी होणारी घरे नगरपालिकेनेच विकत घेऊन फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यावीत, अशीही योजना तेथे पुढे आली होती.

या वातावरणात अवतारसिंग जौहल नावाचा तरुण उभा राहिला. १९५८ साली तो पंजाबातून इंग्लंडला आला आणि ओतशाळेत कामाला लागला. 'इंडियन वर्कर्स असोसिएशन' या भारतीय कामगारांच्या संघटनेचा तो पुढारी झाला. जौहल यांची विचारसरणी साम्यवादी होती. ती ज्यांना पटत नाही, त्यांनीही त्यांच्या लढ्याची रीत समजून घ्यावी, अशी ती होती. विद्यापीठातील गोरे विद्यार्थी आणि भारतीय कामगार यांना घेऊन ते एकेका पबमध्ये जात. आधी गोरा विद्यार्थी पेला मागे. त्याला तो मिळे. मागोमाग भारतीय मागे. त्याला नकार मिळे. नकाराला साक्षीदार हजर असत. मग पबचा परवाना नूतनीकरणासाठी आला की पुराव्यानिशी हरकत घेतली जाई. काच फोडली नाही, डोके फोडले नाही. ढोंग तेवढे उघडे पाडले.

१२ फेब्रुवारी १९६५ रोजी या संघटनेच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथविकमध्ये आले. मार्शल स्ट्रीटवरून फिरून ते जौहल यांच्याबरोबर 'ब्लू गेट्स' या पबमध्ये गेले. जगभर ज्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकत होते, त्या पाहुण्यालाही बैठकीच्या खोलीत नकारच मिळाला. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. मार्शल स्ट्रीटवर त्यांच्या भेटीच्या स्मरणार्थ २०१२ साली निळी फलिका बसवण्यात आली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, १९६५ च्या डिसेंबरमध्ये, ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा अमलात आला. हॉटेल, उपाहारगृह, पब अशा सार्वजनिक जागी वर्ण वा वंशावरून सेवा नाकारणे बेकायदा ठरले. कायदा दुबळा होता; नोकरी आणि निवासाला तो लागू नव्हता, त्यासाठी १९६८ चा दुसरा कायदा यावा लागला. तरीही दाराला लावलेली कडी निघाली.

येथे भारतीय वाचकाने क्षणभर थांबून एक तारीख आठवावी. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेचे १५वे कलम दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे सर्व नागरिकांना खुली करते. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या ब्रिटनला जे १९६५ साली सुचले, ते गरीब, नवस्वतंत्र भारताने पंधरा वर्षे आधी आपल्या घटनेत लिहून ठेवले होते. याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण हे कलम लिहावे का लागले, हेही विसरू नये. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांना सर्वांसाठी खुले उपाहारगृह मुद्दाम काढावे लागले, कारण तसे ते कोठे नव्हते. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात हॉटेलातील भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे, असे स्पष्ट नमूद करावे लागले. कारण चहाच्या दुकानात काही माणसांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. स्मेथविकचा गोरा पबवाला आणि आपल्याकडचा कपबशी वेगळी ठेवणारा दुकानदार यांच्यात अंतर कितीसे होते? परक्याने आपल्या माणसाला नाकारले की आपले रक्त तापते. आपणच आपल्या माणसाला नाकारले तेव्हा ते का तापू नये?

असो. पुन्हा ब्लॅक कंट्रीकडे वळू. कायद्याने दार उघडते. पण आतले स्वागत कायद्याने मिळत नाही. कडवट चेहऱ्याने पुढे ढकललेला पेला आणि मनापासून दिलेला पेला यांतला फरक गिऱ्हाइकाला लगेच कळतो. हा फरक मिटवण्यासाठी भारतीयांनी निवडलेला मार्ग त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. १९८० च्या सुमारास मंदी आली, ओतशाळा एकामागून एक बंद पडल्या. बेकार झालेल्या काही कामगारांनी नोकरी सुटताना हाती आलेली रक्कम आणि भावाबंदांकडून घेतलेले पैसे एकत्र करून पबच चालवायला घेतले. कारखाने बंद पडल्याने हे पब डबघाईला आलेले होते. जुने गोरे मालक ते सोडून देत होते. ज्या धंद्याच्या दारातून कधी काळी परत फिरावे लागले, त्याच धंद्याच्या गल्ल्यामागे ही माणसे उभी राहिली.

या क्षणी सूड घेण्याची संधी होती. "आता येथे आमचेच लोक बसतील" अशी पाटी लावणे अवघड नव्हते. निदान तसा कटाक्ष टाकणे तर सहज शक्य होते. तसे झाले नाही. जुन्या गोऱ्या गिऱ्हाइकाची कोपऱ्यातली खुर्ची तशीच राहिली, त्याचा बाण फेकण्याचा खेळ तसाच राहिला. भर पडली ती तंदुराची. आधी कुतूहलाने, मग चवीने, मग सवयीने तो गोरा म्हाताराही मिक्स्ड ग्रिल मागू लागला. पुरुषांच्या या जागेत जेवणाच्या निमित्ताने कुटुंबे येऊ लागली. सुना आल्या, नातवंडे आली. ज्यांनी मद्याला कधी स्पर्श केला नाही, तेही नुसते जेवायला येऊ लागले. लंडनच्या साउथॉल भागातील 'ग्लासी जंक्शन' या पबने तर भारतीय रुपयेही स्वीकारले. तो पब आज राहिला नाही. पण रुपया घेणारा इंग्लंडमधील पहिला पब म्हणून त्याची आठवण अजून काढली जाते.

आज ब्रिटनमध्ये पबचा धंदा ओसरणीला लागला आहे. २००० साली साठ हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आली आहे. महागडे कर, घरबसल्या मिळणारे स्वस्त मद्य, करमणुकीची बदललेली साधने अशी त्याची कारणे सांगितली जातात. अशा काळात अनेक गावांतील जुना पब तगून राहिला, तो त्या गावात नको असलेल्या माणसांच्या हातांनी. ज्याला "येथे मिळणार नाही" असे सांगितले, त्यानेच ते 'येथे' वाचवले. इतिहासाचा न्याय कधी कधी फार मिश्कील असतो.

या कथेत सारेच गोड आहे, असे नाही. मद्याचा विळखा आहे, नव्या पिढीची वेगळी आवड आहे, आणि बाहेरच्या जगात वर्णद्वेष अजून पुरता मेलेला नाही. शिवाय एक शंका कोणीही घेईल: बरोबरीचा मान मिळवायला पबचीच जागा कशाला? याच स्मेथविकमध्ये १९६० च्या दशकारंभी शीख बांधवांनी गुरुद्वाराही उभारला. तेथील लंगरात जात, वर्ण, धर्म न विचारता ताट वाढले जाते. ती जागा निःसंशय श्रेष्ठ. परंतु लंगरात यजमान आपणच असतो, तेथे आपल्याला कोणी नाकारणार नसते. बरोबरीची परीक्षा होते ती गल्ल्यापाशी, रांगेत, नाक्यावरच्या दुकानात. जेथे दोन अनोळखी माणसे एकाच वस्तूसाठी, सारख्याच पैशांनी उभी असतात. पंजाबी मालकाने गल्ल्यामागे लंगराचा संस्कार नेला, हेच देसी पबचे खरे यश मानावे लागेल.

आपल्या वस्तीतही अशी ठिकाणे आहेत. चहाची टपरी, खानावळ, केशकर्तनालय, किराणा दुकान. तेथे गिऱ्हाईक म्हणून कोणाला 'या, बसा' म्हटले जाते आणि कोणाला 'काय हवे?' एवढेच विचारले जाते? परप्रांतातून आलेला गवंडी, वस्तीतील सफाई कामगार, भाषा न येणारी एखादी बाई यांच्यापुढे पेला ठेवताना आपल्या हाताची ढब बदलते काय? कायद्याने हे प्रश्न १९५० सालीच सोडवले आहेत. आचरणाने ते रोज सोडवावे लागतात.

स्मेथविकच्या त्या तरुणांना नकार मिळाला, तेव्हा त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. पुढे दोन्ही थोडीफार हाती आली, तेव्हा त्यांनी दार उघडे ठेवले. अपमान लक्षात ठेवूनही तो पुढच्या माणसाच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, याला मोठे मन लागते. ते मन घेऊन घराबाहेर पडलेला मनुष्य जगात कोठेही गेला, तरी तेथे उपरा राहत नाही. गल्ल्यामागून कोणीतरी त्याला नावाने हाक मारतेच.