पुन्हा अंगठाच!

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत आदिवासींना दिले गेले. ज्याला ओळख नाही त्याला ओळख मिळेल, असे सांगण्यात आले. आम्ही या दाव्याकडे सोनईतून पाहतो. याच गावच्या शिवारात १ जानेवारी २०१३ रोजी तीन मेहतर तरुणांची प्रेमप्रकरणावरून निर्घृण हत्या झाली. त्यांची जात ओळखायला मारेकऱ्यांना कोणतेही कार्ड लागले नव्हते!

ओळख पटत नाही ती रेशन दुकानात. उसाच्या फडात कोयता चालवून, गटारी उपसून अंगठ्याच्या रेषा झिजतात आणि यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारून आम्हाला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले. बाबासाहेबांनी हाती लेखणी दिली. आता सही करणाऱ्यालाही शासन पुन्हा अंगठाच मागते, हा कुठला न्याय?

अंगठा जुळला नाही तर धान्य नाकारू नका, असे आधार प्राधिकरणानेच २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात बजावले. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायदा उचलून धरला, तोही अशा कारणाने गरिबाचा हक्क बुडू नये असे म्हणत. मग ते परिपत्रक दुकानाच्या भिंतीवर का लावत नाहीत? नेवासा तहसीलने प्रत्येक दुकानात अंगठा न जुळलेल्यांची नोंदवही ठेवावी आणि ती दर ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, अशी आमची मागणी आहे.