गौरीचे पन्हे कोणाकोणासाठी?

चैत्र शुद्ध तृतीयेस अन्नपूर्णा पाळण्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघरी हळदीकुंकू चालते. आंब्याची डाळ, भिजविलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि पन्हे हा त्याचा ठरलेला थाट. यांतील पन्हे मात्र अलीकडे पुष्कळ घरी बाटलीतून येते. हिरवागार रंग, भडक वास, वर पाणी ओतले की झाले! उकडलेल्या कैरीचा गर पिवळसर असतो, गूळ पडला की तांबूस होतो. मग हा पोपटी रंग कोणत्या झाडाचा, असा प्रश्न आम्हांस दरवर्षी पडतो.

वेळ नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. दोन मोठ्या कैऱ्या देठाकडचा चीक धुऊन सालीसकट उकडाव्यात. कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या पुरतात. साल काढून गर हाताने कोळावा. वाटीभर गरास आंबटपणा पाहून दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. गर कोमट असतानाच गूळ मिसळावा, म्हणजे तो आपोआप विरघळतो. मग गाळावे. पेल्यास दोन-तीन मोठे चमचे हा गर आणि वर माठाचे पाणी. केशर असल्यास चार काड्या. नसल्यास गौर रुसत नाही. पातेले पितळेचे असेल तर कल्हई पाहून घ्यावी, नाहीतर आंबट कळकते. एवढे काम अर्ध्या तासाचे.

हे पेय काही आजचे नव्हे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त त्याची कृती आहे. कच्चा आंबा पाण्यात शिजवावा, हाताने चांगला मळावा, साखर व थंड पाणी घालावे, कापूर आणि मिरे लावावेत. (कापूर खाण्याचा, पूजेच्या डबीतला नव्हे!) या पन्ह्याचे कर्तेपण ग्रंथकाराने भीमसेनाकडे दिले आहे, आणि विराटाघरी बल्लव होऊन राहिलेल्या त्या हाताला ते शोभतेही. काव्यातील रसाचा आस्वाद समजावून सांगताना मम्मटाचार्यांनाही दृष्टान्त आठवला तो पानकरसाचाच. निरनिराळी द्रव्ये एकत्र यावीत आणि जिभेला मात्र एकच अखंड चव लागावी!

चैत्रात शास्त्राने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती प्रपादानाची; म्हणजे पाणपोई घालण्याची. आमच्या पंढरीत राहिलेल्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधू’तही तिचा विधी आहे. पाणपोई घालताना म्हणावयाच्या मंत्राचा आशय असा की, ही सर्व भूतांसाठी सामाईक आहे. ज्यास तेवढे सामर्थ्य नाही त्याने रोज पाण्याचा घट द्यावा. आमच्या मते गौरीचे पन्हे हे या प्रपादानाचेच घरगुती रूप होय. त्यात अपात्र ठरावयास तहान नसणे एवढेच कारण असू शकते.

असे असता शेजारच्या सवाष्णीस पन्ह्याचा पेला हाती मिळावा आणि घरचीच विधवा जाऊ माजघराच्या दाराआड उभी राहावी, हे कोणत्या वचनाने? कैऱ्या तिनेच उकडलेल्या असतात, गूळ तिनेच चिरलेला असतो. कीर्तन संपल्यावर बायका हा प्रश्न आम्हांस विचारतात, पण आवाज इतका खाली असतो की कान द्यावा लागतो. पन्हे देऊ, पण कुंकवाचा प्रश्न निराळा, असे म्हणून काही मंडळी हात झटकतात. तोही निराळा नाही. कुंकू मुलीच्या कपाळी तान्हेपणापासून लागते. ते पतीने आणलेले नसते, मग त्याच्याबरोबर जावे का?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. उत्तम झाले. तथापि चैत्रगौरीचे बोलावणे काही परिपत्रकाने जात नाही, ते घरच्या वडीलधाऱ्या बाईनेच करावे लागते. सुना पुष्कळदा तयार असतात, सासूबाईंच्या एका शब्दासाठी अडतात. म्हणून आमची विनंती आहे ती सासूबाईंना.

यंदा बोलावण्याची यादी कराल तेव्हा वाड्यातल्या, इमारतीतल्या सगळ्या बायकांची नावे आधी लिहा आणि कैऱ्या मागाहून मोजा. वरील प्रमाणात आठ-दहा पेले होतात. भांडी घासणाऱ्या बाई आणि त्या वेळी दारी येणारे पोस्टमन हेही हिशेबात धरा. गर उरलाच तर काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवस सहज राहतो. आणि ज्या त्या दिवशी संकोचाने आल्या नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी तांब्या भरून स्वतः घेऊन जा.