डिस्रप्ट, म्हणे!

परवा हापिसातल्या मीटिंगमध्ये साहेबांनी अर्ध्या तासात अकरा वेळा 'डिस्रप्ट' म्हटलं. काम काय, तर किराणा घरपोच देणारं अजून एक ॲप. सांगलीतल्या माझ्या मामाचं किराणा दुकान आहे. म्हणजे डिस्रप्ट होणार तो मामाच!

डिस्रप्ट म्हणजे चालू गोष्ट मध्येच तोडणं. क्लेटन क्रिस्टेन्सनने १९९५ च्या लेखातून हा शब्द धंद्यात रुजवला. २०१५ मध्ये त्यालाच लिहावं लागलं की उबर त्याच्या व्याख्येत बसत नाही. तरी आपलं चालूच.

खरा अर्थ हवाय? जुन्या सातारा जिल्ह्यात बघा, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग होता. १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. तारा तोडल्या, ७ जून १९४३ ला शेणोलीला तुफान सेनेने सरकारी पगार नेणारी रेल्वेगाडी लुटली. पण सोबत गावोगावी न्यायनिवाडा केला, दारूबंदी केली, कमी खर्चाची लग्नं लावली. तोडलं त्याच्या जागी काहीतरी उभं केलं.

आपण मामाच्या दुकानाच्या जागी काय उभं करणार? उत्तर नसेल तर सरळ 'मोडतोड' म्हणा की राव. मराठीत शब्द आहे!