ज्याचा माल त्यालाच अंधार

१९७२ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील सपाट मुलखातल्या शेतकऱ्यांनी आपला गहू कापणी होताच नेहमीप्रमाणे विकला. त्याच सुमारास सोव्हिएट सरकारचे खरेदीदार न्यूयॉर्कात बसून धान्याच्या बड्या पेढ्यांशी एकेकटे, गुपचूप सौदे करीत होते. एका पेढीने किती विकले हे दुसरीस ठाऊक नव्हते, आणि एकूण बेरीज सरकारासही वेळेवर कळली नाही. सुमारे १ कोटी टन गहू असा हातोहात गेला. तोही सरकारी अनुदानाने स्वस्त केलेला! पुढे भाव कडाडले, परंतु आधीच विकून बसलेल्याच्या पदरात त्यातले काय पडले? काही नाही.

तो देश यातून शिकला, हे मान्य केले पाहिजे. १९७३ च्या कायद्याने प्रत्येक निर्यातदारास आपल्या सौद्याचा माल, वजन व देश दर आठवड्यास शेतकी खात्यास कळविणे भाग पडले. एका दिवसात एकाच देशास एकाच जिनसाचा १ लाख टन वा अधिक माल विकला तर तो पुढच्याच कामाच्या दिवशी खात्यास कळवावा लागतो व लगोलग जाहीर होतो. कित्येक सौदे ‘अज्ञात देश’ या सदरात पडतात, काही मागाहून रद्दही होतात; तरीही माल जहाजावर चढण्यापूर्वीच मागणी कोठे वळली हे शेतकऱ्यास दिसते.

आमच्याकडे काय आहे? लातूरच्या अडतीवर सोयाबीनचे पोते उतरते तेव्हा त्याचा भाव निम्माशिम्मा परदेशातच ठरलेला असतो. शंभर किलो दाण्यातून तेल निघते सुमारे अठरा किलो. बाकी बहुतेक पेंड, आणि तिचा उठाव परदेशच्या मागणीवर पुष्कळसा अवलंबून. पण पेंडीचे किती सौदे झाले हे निर्यातदारास आज ठाऊक, शेतकऱ्यास मात्र महिन्याचे आकडे निघाल्यावर. तेही गेलेल्या मालाचे, ठरलेल्या सौद्यांचे नव्हेत. तोवर दिवाळीच्या देण्यांसाठी त्याने माल विकलेला असतो. वायदेबाजाराचा मिणमिणता दिवा होता, तोही २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन, मोहरी, हरभरा, गहू इत्यादींपुरता मालविण्यात आला व त्या बंदीची मुदत पुढे वारंवार वाढविली गेली.

सरकारासही या अंधाराचा उपयोग नाही. एप्रिल २०२२ मध्ये जगास अन्न पुरविण्याची भाषा झाली. १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद! उन्हाळ्याने पीक मारले हे खरे. परंतु बाहेर किती माल विकला जात आहे याचा आठवड्याचा हिशेब सर्वांसमोर असता, तर महिन्याभरात असे तोंड फिरविण्याची पाळी क्वचितच आली असती.

व्यापाऱ्याचे गुपित चव्हाट्यावर आणता काय, असा आक्षेप आम्हांस अपेक्षितच आहे. त्यास उत्तर अमेरिकेच्या कायद्यातच आहे: तेथे पेढीचे नाव गुप्त राहते, छापली जाते ती केवळ बेरीज. आणि राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने व्यापाराचे स्वातंत्र्य दिले, तसे लोकहितार्थ त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकारही दिला आहे. आठवड्यास एक कागद भरून देणे हा निर्बंध वाजवी नव्हे, असे कोणते न्यायालय म्हणेल? तेव्हा संसदेने असा कायदा करावा, आणि ती बेरीज दर आठवड्यास प्रत्येक बाजार समितीच्या फळ्यावर, तेथल्या लोकांच्या भाषेत, लिलावाची घंटा होण्यापूर्वी लिहिली जावी.