विष डासाला द्या, रोग्याला नको

कोळ्याच्या किंवा विंचवाच्या विषातून मलेरियावर औषध सापडल्याची बातमी अधूनमधून येते आणि ती खोटी नसते. ट्रिनिदादमधल्या एका टॅरंटुलाच्या विषातली दोन छोटी प्रथिने प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची वाढ रोखतात, तीही रोग्याची तांबडी पेशी न फोडता, हे २००४ साली प्रयोगशाळेत दिसले. शोध मोलाचा आहे. पण काचेच्या बशीतला परजीवी मारणे आणि तापाने फणफणलेले पोर वाचवणे यांत जे अंतर आहे, ते बातमीत कधीच येत नाही.

प्रथिन गिळले की पोटात पचून जाते. म्हणजे सुई आली, टोचणारा हात आला. समुद्री गोगलगायीच्या विषातून आलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक तर पंपाने थेट मणक्यातल्या द्रवात सोडावे लागते. २०२३ मध्ये मलेरियाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे गेली, बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यांतही पाच वर्षांखालची मुलेच जास्त. त्यांना स्वस्त गोळी हवी, गावातल्या गावात मिळणारी. आपल्या गडचिरोलीतल्या भामरागडच्या दुर्गम पाड्यावरही आशाताईंच्या पिशवीत मावेल तेच औषध कामाचे. ब्राझीलच्या जराराका सापामुळे रक्तदाबाची कॅप्टोप्रिल गोळी मिळाली, हे खरे. पण त्या गोळीत विष नाही. विषाचे काम पाहून रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेला वेगळा रेणू आहे. मलेरियासाठीही ही वाट चालायलाच हवी, कारण आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या मुख्य औषधाला पुरते न बधणारे परजीवी रवांडा आणि युगांडात आढळले आहेत. पण ती लांबची वाट आहे.

जवळची वाट डासाच्या पोटातून जाते, असे माझे ठाम मत आहे. आफ्रिकेतल्या एम्परर विंचवाच्या विषात स्कॉर्पिन नावाचे प्रथिन आहे. डासात वाढणाऱ्या मलेरियाच्या परजीवीला ते घातक ठरते. मेरीलँड विद्यापीठातले रेमंड सेंट लेजर आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक मेटारायझियम या कीटकांवर वाढणाऱ्या बुरशीत घातले. स्कॉर्पिनला आणखी एका प्रथिनाची जोड दिल्यावर डासाच्या लाळग्रंथींतले परजीवी ९८ टक्क्यांनी घटले. ही २०११ची गोष्ट.

पुढचा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो मलेरिया जिथे आहे तिथेच झाला. बुर्किना फासोमधल्या सुमूसो गावाजवळ जाळीने बंदिस्त केलेली, कप्प्याकप्प्यांची एक वस्तीच उभारली गेली: आत झोपड्या, झाडे, पाण्याची डबकी. डास तिथलेच, कीटकनाशकांना सरावलेले. या वेळी बुरशीत जनुक होते ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्याच्या विषाचे. बुरशी डासाच्या अंगात शिरून तिथल्या द्रवाला भिडली की मगच हे विष तयार होते, एरवी नाही. तिचे बीजाणू तिथल्याच तिळाच्या तेलात कालवून काळ्या सुती कापडांना लावले आणि ती झोपड्यांत टांगली. प्रत्येक कप्प्यात १,५०० डास सोडले. ४५ दिवसांनी बुरशी नसलेल्या कप्प्यात १,३९६ डास होते, साध्या बुरशीच्या कप्प्यात ४५५, आणि कोळ्याचे विष बनवणाऱ्या बुरशीच्या कप्प्यात १३.

ब्रायन लव्हेट, एतियेन बिल्गो, अब्दुलाय दियाबाते आणि सेंट लेजर यांनी हे २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले. तेल आणि कापड गावात मिळते, भिंतीला खुंटी असतेच. मच्छरदाणीवरच्या औषधाला दाद न देणारा डासही या बुरशीने मरतो. इतके हाती असताना जाळीबाहेरच्या चाचण्यांची तयारी रेंगाळू देणे मला मान्य नाही.

मात्र लोकांना डावलून या चाचण्या होणार नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये बुर्किना फासोच्या सरकारने जनुकबदल केलेल्या डासांचा प्रकल्प बंद पाडला. त्या प्रकल्पाच्या अग्रभागीही दियाबातेच होते. बुरशीचे प्रकरण वेगळे आहे. तसे डास पैदाशीतून बदललेले जनुक पुढे नेऊ शकतात. या बुरशीचे बीजाणू चिकट असतात, फार दूर उडत नाहीत आणि उन्हात टिकत नाहीत. हा फरक सुमूसोच्या गावकऱ्यांना त्यांच्या दियुला भाषेत समजावून सांगावा, त्यांच्या शंका ऐकाव्यात, आणि त्यांनी होकार दिला तरच पहिले कापड गावातल्या घरात टांगावे.