धुरंधरांची कन्या आणि आपल्या मुली

महादेव विश्वनाथ धुरंधर हे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाला अपरिचित नाही. 1890 साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि तेथेच अध्यापन करून 1931 साली निवृत्त झाले. त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनाला मराठी वाङ्मयात मानाचे स्थान आहे. 2018 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शनही भरले. परंतु ज्या 1931 साली धुरंधर निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांची कन्या अंबिका याच शाळेची पदविका घेऊन बाहेर पडली, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

1912 साली जन्मलेल्या अंबिका धुरंधर या कलाशिक्षणाची पदविका मिळविणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग हे त्यांच्या चित्रांचे आवडते विषय. 1944 साली वडील निवर्तल्यानंतर त्यांची चित्रे आणि रेखाटने सांभाळण्याचे कामही त्यांनीच केले. 2009 साली, जवळजवळ शतकभराचे आयुष्य जगून, त्या गेल्या. ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन त्यांनी मागे ठेवले. त्यांच्याच पिढीतील अँजेला त्रिंदाद (1909–1980) यांची कथा याहून वेगळी नाही. मूळचे गोव्याचे आणि जे. जे. मध्ये अध्यापन करणारे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची ही कन्या. ख्रिस्ती धर्मकथांना भारतीय वेष आणि भारतीय रेषा देणारी त्यांची चित्रे पणजीत आजही पाहावयास मिळतात.

या दोघी एकाच कलाशाळेतील अध्यापकांच्या मुली असाव्यात, हा निव्वळ योगायोग नव्हे. युरोपकडे दृष्टी टाकली तरी हेच आढळते. 1593 साली रोममध्ये जन्मलेली अर्तेमिझिया जेंतिलेस्की ही ओरात्सिओ या चित्रकाराची मुलगी. बोलोन्याची लाविनिया फोंताना ही प्रोस्पेरो या चित्रकाराची, तर व्हेनिसची मारिएत्ता ही थोर तिंतोरेत्तोची. ज्या काळी कारागिरांचे संघ आणि शिक्षणसंस्था स्त्रीला बंद होत्या, त्या काळी कुंचला हाती येण्याची एकच वाट होती आणि ती वडिलांच्या कर्मशाळेतून जात होती. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर रंग, नमुने, गुरू आणि गिऱ्हाईक हे सारे भांडवल घरातच होते. मुलीला त्यासाठी उंबरठा ओलांडावा लागत नव्हता. म्हणूनच या स्त्रियांची गुणवत्ता नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या घरी असे भांडवल नव्हते, अशा किती गुणवंत मुली इतिहासाला कळल्याच नाहीत, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही.

या सोयीची किंमतही मुलींनाच मोजावी लागली. घरच्या कर्मशाळेतून बाहेर पडणारा माल घरधन्याच्या नावाने विकला जाई. मारिएत्ताचा हात कोठला आणि पित्याचा कोठला, हे आज निश्चित सांगणे कठीण आहे. अर्तेमिझियाच्या आरंभीच्या चित्रांत वडिलांचा वाटा किती, याची चर्चा कलेतिहासकारांत दीर्घकाळ चालली. श्रम स्त्रीचे आणि खाते पुरुषाचे, अशी ही व्यवस्था.

बीड जिल्ह्यातील वाचकाला ती परकी वाटू नये. दसरा-दिवाळीनंतर आपल्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचा हिशेब ‘कोयत्या’वर होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस दोघे तोडतात, मोळ्या बायको वाहते; उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या नावावर मांडली जाते. तिच्या श्रमाला वेगळा आकडा नाही, म्हणून तिला वेगळे नावही नाही. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे अवघ्या 807 मुली आढळल्या, तेथे हा हिशेब किती खोल रुजला आहे, हे निराळे सांगावयास नको.

चित्रकार पिता प्रत्येक मुलीला लाभणार नाही. परंतु सार्वजनिक शाळा ही ती उणीव भरून काढण्यासाठीच असते. दुर्दैवाने 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत कलेसाठी जो शिक्षक सांगितला, तो अंशकालीन. आणि तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. डोंगरपट्ट्यातील लहान शाळा या अटीतच बाद होते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आहेत, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालयही आहे. शिडीच्या वरच्या पायऱ्या अशा जागेवर आहेत. पहिलीच पायरी तेवढी नाही.

अवर्षणग्रस्त जिल्ह्याला चित्रकलेची चैन कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण ज्यांना आपण थोर कलावंत म्हणतो त्या धुरंधरांनीच पुस्तकांची चित्रे, जाहिराती आणि पोस्टकार्डे काढून या कलेचा व्यवसाय किती व्यापक असू शकतो हे दाखवून दिले होते. छपाई, वस्त्रांची नक्षी, जाहिरात, अध्यापन ही सारी क्षेत्रे रेखाटनाच्या पायावरच उभी आहेत. ज्या मुलीला पर्याय म्हणून केवळ कोयता दिसतो, तिच्या हाती दुसरे कौशल्य देणे याला चैन म्हणता येणार नाही; ती गुंतवणूक आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. पटसंख्येची अट न पाहता शाळांच्या प्रत्येक समूहासाठी एक पूर्णवेळ चित्रकला शिक्षक नेमावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत रंग-कागद आणि रेखाकला परीक्षेची तयारी यांची सोय व्हावी. अंबिका धुरंधर यांना जे जन्माने मिळाले, ते पाटोदा-शिरूरच्या मुलीला नागरिकत्वाच्या नात्याने मिळाले पाहिजे. तिने काढलेल्या चित्राखाली मग तिचेच नाव असेल.